धाकटीला आणायला

दत्तक म्हटलं की मराठी माणसाला आधी गादी आठवते. सातारा, झाशी, बडोदं. नामंजूर झालेले वारस, खलिते, रेसिडेंटसाहेब, आणि पिंडाला पाणी द्यायला कुणीतरी हवं ही कायमची काळजी. १८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. आनंदराव आणि संपतराव हे त्याचे भाऊ मात्र गोष्टीच्या कडेला उभे असतात. एका शेतकरी घरातला एक मुलगा महाराजा झाला, त्या रात्री त्याच्या भावांना झोप लागली का, हे विचारायला इतिहासकाराला सवड नसते.

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. पडला तो २०२४ च्या पावसाळ्यात. आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन आम्ही न्यू जर्सीहून महाराष्ट्रात आलो होतो, त्याच्या धाकट्या बहिणीला न्यायला.

दत्तकाच्या गोष्टीत देणारे असतात, घेणारे असतात, ज्याला घेतलं ते मूल असतं. घरात आधीपासून असलेल्या मुलाचं काय, यावर आपल्या परंपरेचं उत्तर सरळ होतं: असं मूल असेल तर दत्तक घ्यायचंच कशाला? १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात त्याची सावली आजही आहे. मुलगा असेल तर मुलगा घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. म्हणजे मूल ही घरातली एक रिकामी जागा, ती भरली की विषय संपला. आम्हाला लागू होता तो २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यात ही अट नाही, आणि त्याच्या नियमावलीत एक ओळ अशी आहे की ती वाचून मी नवऱ्याला हाक मारली. घरात पाच वर्षांहून मोठं मूल असेल, तर त्याचीही संमती कागदपत्रांत जोडायची.

आमच्या गठ्ठ्यात प्राप्तिकराचे कागद होते, पोलिसांचा दाखला होता, डॉक्टरांची पत्रं, मित्रांच्या शिफारशी, घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो होते. आणि या सगळ्यात एक पान त्याचं. गृहभेटीला आलेल्या समाजसेविका बाई म्हणाल्या, मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचंय. आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडत-बंद करत बसलो, म्हणजे आम्ही कान देऊन ऐकत नाही असं वाटावं. नंतर कळलं की साहेबांनी होकार दिला होता, पण वरचा पलंग आपला राहील या अटीवर. बाईंनी ती अट अहवालात लिहून घेतली. सही करताना त्याने नाव इतक्या मोठ्या अक्षरांत सुरू केलं की शेवटची दोन अक्षरं रेघ संपल्यावर खाली वाकून उतरली. त्या पानाची प्रत मी जपून ठेवली आहे. माझ्या आणि नवऱ्याच्या कितीतरी सह्या त्या फायलीत आहेत. एकीवर कुणी दोनदा नजर टाकेल असं नाही.

हेग कराराखाली दत्तक घेणाऱ्या आईबापांना अमेरिकेत दहा तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. मुलाचा आघात, लळा, वंश, भाषा, सगळं शिकवतात. थोरल्या भावंडासाठी मात्र एक तासही ठेवलेला नाही. त्याची तयारी आम्हीच आमच्या अकलेने केली, म्हणजे बहुतेक वेळा त्यानेच आमची केली. फायलीचा तर त्याला हेवाच वाटायला लागला. जेवणाच्या टेबलावर रोज तिचे कागद: तिचा अभ्यास अहवाल, तिचा वैद्यकीय अहवाल, तिचं वजन, तिच्या डोक्याचा घेर. एके दिवशी त्याने विचारलं, ‘माझी फाईल कुठंय?’ त्याला सांगितलं, तू पोटातून आलास, तुला फाईल लागत नाही. हे त्याला अजिबात पटलं नाही. पोटातून येणं म्हणजे काहीतरी कमी कागदांचं काम, असा त्याचा समज झाला. शेवटी त्याच्या बाबाने त्याचं लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला आणि इस्पितळाचं बिल एका पिवळ्या फोल्डरमध्ये घालून दिलं. बिलावरचा आकडा पाहून तो खूश झाला. ‘मी पण महाग होतो.’

त्याला न्यावं की नाही यावर दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली. माझ्या आईचं म्हणणं, एवढ्याशा पोराला पावसापाण्यात, मच्छरांत, कचेऱ्यांत कुठं फिरवता. पुण्याला ठेवा माझ्याकडे, तुम्ही जाऊन घेऊन या. सासूबाईंचं म्हणणं त्याहून बारीक होतं. त्या म्हणाल्या, लहान मुलं बघतात ते विसरत नाहीत. तिथलं काही बघून मनात धरून बसला तर? मला नेमकं तेच हवं होतं. त्याने बघावं, आणि विसरू नये.

कारण हिशेब साधा आहे. आईबाप मुलांना आयुष्याच्या पहिल्या अर्ध्यात पुरतात, भावंडं शेवटपर्यंत. आम्ही गेल्यावर तिला तिच्या आधीच्या घराबद्दल काही विचारावंसं वाटलं, तर विचारणार कुणाला? फाईल आहे, पण फायलीत वजन असतं, उंची असते, वास नसतो. तिला स्वतःला त्यातलं काहीच आठवणार नाही. पावणेदोन वर्षांच्या मुलीच्या आठवणीत जे राहतं ते अंगात राहतं, सांगता येत नाही. तर मग सांगणारा एक माणूस तिच्यासाठी तयार करायचा. तो साडेसहा वर्षांचा असला तरी चालेल. त्याच्याजवळ तिच्याइतकंच लांब आयुष्य आहे.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नेवार्कहून मुंबईला पंधरा तास, त्यात त्याने तेच एक कार्टून बघितलं आणि उतरताना उलटी केली. पुण्यात रात्री तीनला भूक, दुपारी दोनला झोप. सोलापूर रस्त्यावर पालखी होती म्हणून ड्रायव्हरकाकांनी गाडी नगरकडून घातली.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. ती तिथे कशी आली तेही नाही. ते तिचं आहे. तिला वाटलं तर ती कधीतरी सांगेल, नाही वाटलं तर नाही. दत्तक घेतलेल्या मुलांच्या गोष्टी आईबाप ज्या हौसेने चारचौघांत सांगतात, ते मला खटकतं. पाहुण्यांसमोर मुलाचं बारसं एकदाच होतं, पण त्याला टाकून दिल्याची कथा मात्र दर दिवाळीला. असो.

संस्था गावाच्या टोकाला, मागे सोयाबीनचं शेत. आत शिरल्याबरोबर फिनेल आणि खोबरेल तेल या दोन वासांची गाठ पडली. वऱ्हांड्यात दोरीवर लंगोट वाळत घातलेले, पावसाने न वाळलेले. संस्थेच्या ताईंनी चहा मागवला आणि एक मावशी धाकटीला कडेवर घेऊन आल्या. कपाळावर, गालावर आणि एका तळपायालाही काजळाची तीट. मला बघून तिने मावशीच्या मानेत तोंड खुपसलं. मी महिनोन् महिने त्या क्षणाची मनात उजळणी केली होती: तिच्या उंचीवर बसायचं, एकदम हात पुढे करायचा नाही, हळू आवाजात बोलायचं. ते सगळं केलं. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

थोरल्याने तिच्यासाठी डायनोसॉर आणला होता, त्याचा सर्वांत लाडका, शेपटी तुटून चिकटवलेला. तो तिने हातात घेतला, आणि टाकून दिला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. त्याचे डोळे भरून आले. मी काही बोलणार, तेवढ्यात तो भिंतीला टेकून पाय पसरून फतकल मारून बसला, रुसल्यासारखा. त्याच्या बुटांना बंद नव्हते, वेल्क्रोच्या पट्ट्या होत्या. धाकटी मावशीच्या कडेवरून खाली उतरली. रांगत नव्हे, चालत, पण भिंतीचा आधार घेत आली आणि त्याच्या पायाशी बसली. एका बोटाने पट्टी उचकटून बघितली. चर्र आवाज झाला. ती दचकली, मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने पट्टी परत लावली. तिने पुन्हा ओढली. चर्र. आम्ही चहा प्यायलो, ताईंनी रजिस्टरं काढली, बाहेर सर आली आणि गेली, आणि हा खेळ चालूच होता. ती ओढायची, तो लावायचा. त्याने पाय जरासुद्धा हलवला नाही. मधेच मला म्हणाला, ‘मुंग्या आल्यात, पण मी हलत नाहीये.’

मग त्याला तिच्याजवळ बसवून आम्ही आत जायचो. सह्या करायला, ताईंच्या सूचना ऐकायला, तिला खिमट किती पातळ लागतं ते मावशीकडून शिकायला. तिला खिमट स्टीलच्याच वाटीतून लागायचं. आम्ही बाळासाठीच्या दुकानातून आणलेल्या रंगीत वाटीकडे तिने अशा नजरेने बघितलं की मावशी हसल्या. ‘वाटी घेऊन जावा आमची,’ म्हणाल्या. ती वाटी आमच्याकडे आहे. तिच्या बुडाशी संस्थेचं नाव कोरलेलं आहे, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं.

पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय द्यायचं. कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. तेव्हा त्यावर वाद झाला. जमीन आणि महसूल बघणाऱ्याने मूल कुणाचं ते ठरवावं का, हा आक्षेप मला अजूनही पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण आमचा आदेश वेळेत आला, आणि प्रत घ्यायला ताईंबरोबर आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जूनच्या अखेरीस सरकारने जाहीर केलेल्या योजनेचे अर्ज नुकतेच सुरू झाले होते, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूपासून रस्त्यापर्यंत बायकांची रांग होती. कडेवर पोरं, हातात आधार कार्ड, डोक्यावर पिशवीची टोपी. थोरला रविवारच्या मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे समोर दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची त्याला खोड. त्याने फलक वाचायला घेतला. ‘मु-ख्य-मं-त्री मा-झी ला-ड-की ब-ही-ण.’ थांबला. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘आई, इथे बहिणी मिळतात?’

हशा पिकला. एक आजी म्हणाल्या, ‘मिळत्यात की रं बाळा, वर पंधराशे रुपये बी मिळत्यात.’ तो गंभीर होता. त्याला वाटलं आपण बरोबर खिडकीवर आलो आहोत. आणि तसं बघितलं तर आलो होतोच. वरच्या मजल्यावर, सातबाराच्या आणि पीक पंचनाम्याच्या फायलींच्या शेजारून, कारकुनाने आमचा लिफाफा काढला आणि पोहोच म्हणून सही घेतली. शिक्का अजून ओला होता.

संस्थेतून निघायचा दिवस मी टाळूनच लिहीत होते. मावशींनी तिला न्हाऊमाखू घातलं, नवा फ्रॉक घातला, औक्षण केलं. त्यांनी चेहरा अगदी घट्ट धरून ठेवला होता. अशी कितीतरी बाळं त्यांनी ओवाळून पाठवली असतील. त्याची सवय होत असेल असं मला त्यांच्या हाताकडे बघून वाटलं नाही, निरांजन हलत होतं. धाकटी तोवर मजेत होती. गाडीचं दार लागलं आणि तिला कळलं. मग जे रडणं सुरू झालं ते रडणं मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. काचेला तळहात लावून ती ‘मावी, मावी’ करत होती. फाटक बंद झालं, रस्ता वळला, तरी तेच. ताईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: रडेल, रडू द्या. ज्या मुलाला कुणीतरी जीव लावलाय तेच असं रडतं. न रडता जाणाऱ्या मुलांची आम्हाला जास्त काळजी वाटते. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून त्या गाडीत काही उपयोग झाला नाही.

थोरला खिडकीला चिकटून बसला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘आई, आपण हिला चोरतोय का?’

‘नाही रे,’ त्याचा बाबा पुढून म्हणाला, ‘आपल्याकडे सगळे कागद आहेत.’

कागद. कोरियातून लाखाहून अधिक मुलं परदेशात दत्तक गेली, तेव्हा त्या सगळ्यांचे कागद होते. त्यातल्या अनेक मुलांच्या कागदावर ‘अनाथ’ लिहिलेलं होतं आणि आईवडील जिवंत होते. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्याच सत्यशोधन आयोगाने हे मांडलं. थोरल्याने गाडीत विचारलेला प्रश्न एका देशाने स्वतःला विचारायला पन्नास-साठ वर्षं घेतली. आपल्याकडे तो त्या मानाने लवकर विचारला गेला. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी परदेशी जाणाऱ्या भारतीय मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. जन्मदात्या आईने मूल सोपवलं तरी फेरविचाराला साठ दिवस. टाकून दिलेलं बाळ असेल तर वर्तमानपत्रात फोटोसकट जाहिरात, बाल कल्याण समितीची चौकशी, आणि मगच ते दत्तकासाठी मोकळं. त्या जाहिराती मी पूर्वी पुण्यात सकाळचा चहा घेताना पाहिल्या आहेत. निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या सूचनांच्या मध्ये एक टक्कल केलेलं बाळ, खाली चार ओळी. मी पान उलटायचे.

म्हणजे चोरीच्या वाटेत शक्य तेवढे अडथळे घालून ठेवले आहेत. ते आहेत म्हणून वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणून परदेशातली आमच्यासारखी जोडपी कुरकुर करतात. मीही केली. एकेकाळी जग या बाबतीत फार सढळ होतं. २००४ मध्ये परदेशातून जवळजवळ २३ हजार मुलं अमेरिकेत दत्तक आली. २०२३ मध्ये १,३०० सुद्धा नाहीत. रशियाने अमेरिकेसाठी दार लावलं, इथिओपियाने लावलं, आणि आम्ही परत येऊन स्थिरावतोय तोवर सप्टेंबर २०२४ मध्ये चीननेही लावलं. यात नुकसान झालेली मुलं आहेत, वाचलेलीही आहेत. दोन्हींची गणती एकाच आकड्यात होते, त्यामुळे या घसरणीवर आनंद करायचा की दुःख, हे मला ठरवता आलेलं नाही.

त्याला मात्र उत्तर हवं होतं. मी म्हटलं, ‘चोर विचारत नाहीत. आपण सगळ्यांना विचारून नेतोय. सरकारला विचारलं, ताईंना विचारलं, तुला विचारलं.’

‘माझी सही घेतली,’ तो म्हणाला. ‘तिची कुठं घेतली?’

यावर त्याच्या बाबानेही मागे वळून पाहिलं नाही. पाच वर्षांवरच्या दत्तक मुलाला कायदा विचारतो. त्याखालच्याला विचारायची सोय नाही, आणि असती तरी ती काय म्हणाली असती ते आम्ही सगळे ऐकतच होतो. मावी, मावी. थोरल्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने सीटखालून पाय वर काढला, बुटाची पट्टी तिच्या हाताजवळ नेली आणि स्वतःच ओढली. चर्र. ती थांबली नाही. त्याने दुसऱ्यांदा ओढली. ती रडतच होती, पण रडता रडता तिने एक हात त्या पट्टीवर ठेवला, आणि नगर येईपर्यंत ती तशीच, एक हात काचेवर आणि एक बुटावर.

पुण्यात भाकरतुकडा ओवाळून टाकून तिला घरात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून बघायला येणाऱ्यांची रीघ. ‘गोरी आहे हो,’ हे पहिलं वाक्य. ‘तुमचा एक आहे ना पण?’ हे दुसरं. आणि तिसरं, जाताना जिन्यात: ‘पुण्याचं काम केलंत.’ या तिसऱ्याचा मला जास्त राग येतो. याच शहरात १८६३ साली फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत आपला केला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या, तेव्हा तो त्याच कामात होता. त्या घरात कुणी कुणावर उपकार केले, याचा जमाखर्च मांडून दाखवा म्हणावं. आमच्या घरी तर अजून काहीच जमा झालेलं नव्हतं, नुसता खर्च. ती रात्री दर तासाला उठायची आणि मला ढकलून द्यायची. थोरला तिसऱ्या रात्री उशी घेऊन आमच्यामध्ये घुसला आणि झोपेत नव्हे, चांगलं जागेपणी म्हणाला, ‘मला आता ती नकोय.’ ताईंनी याचीही कल्पना दिली होती, पण त्या बाबतीत माझ्या आईचं औषध जास्त लागू पडलं. तिने त्याला काहीही समजावलं नाही. सकाळी धाकटीला आमच्याकडे सोपवून ती त्याला एकट्याला घेऊन मंडईत गेली आणि त्याला वाटेल तेवढे जांभळाचे द्रोण घेऊ दिले. जीभ जांभळी करून तो परत आला आणि सगळ्यांना दाखवत सुटला. शेवटी तिलाही दाखवली. तिने ती बोटाने पकडली.

पासपोर्ट आला, हेग कराराच्या २३ व्या कलमाचं प्रमाणपत्र आलं, दिल्लीत वकिलातीच्या पांढऱ्याशुभ्र थंड खोलीत व्हिसा मिळाला. आम्ही चौघं नेवार्कला उतरलो तेव्हा ती नवऱ्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिच्यासारख्या व्हिसावर आलेलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच नागरिक होतं, २००० सालच्या कायद्याने. पाऊल तिने ठेवलंच नव्हतं, पण अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि झालं. थोरला जन्माने नागरिक, बाबा परीक्षा देऊन झालेला, ती झोपेत. मीच तेवढी अजून ग्रीन कार्डावर. ‘म्हणजे आई सगळ्यात शेवट,’ थोरला म्हणाला. त्याला रांगांचं फार.

आता ती तीन वर्षांची होईल. बोलते सारखी, मराठी-इंग्रजीची खिचडी, आणि रात्री झोपताना तिला गोष्ट लागते. गोष्ट एकच: ‘मी तिथे होते तेव्हाची.’ ती सांगायचा मान थोरल्याकडे आहे. तो वरच्या पलंगावरून डोकं खाली लोंबकळत सोडून सांगतो. मी दाराआडून ऐकते आणि माझा जीव वरखाली होतो, कारण त्याच्या गोष्टीत दर वेळी काहीतरी वाढतं. सोयाबीनच्या शेतात मोर आले आहेत. ड्रायव्हरकाकांना मिशा फुटल्या आहेत. परवा तर एक मांजर आली, पांढरी, एका डोळ्याची, वऱ्हांड्यात यायची आणि धाकटी तिला आपल्या वाटीतलं खिमट द्यायची.

मला राहवलं नाही. एवढं कागदांनी जपलेलं, एवढं काळजीने न सांगितलेलं; त्यात भलत्या मांजरी घुसायला लागल्या तर उद्या तिच्या हातात काय उरणार? मी आत जाऊन म्हटलं, ‘अरे, तिथे मांजर कुठं होती? मी नाही पाहिली.’

त्याने उलट्या डोक्यानेच माझ्याकडे बघितलं. ‘तू कशी बघशील? तू आत सह्या करत होतीस. आम्ही दोघंच होतो बाहेर.’

‘तू नव्हतीस,’ खालच्या पलंगावरून धाकटीने मला बजावलं, आणि मग वर बघून, ‘दादा, पुढे सांग. मांजरीला नाव काय होतं?’